सावर्ड्याचे रान आणि कॅमेऱ्याचे इरले

मुंबई-गोवा महामार्गाने चिपळूण मागे टाकून दक्षिणेकडे निघाले की साधारण वीस किलोमीटरच्या आसपास सावर्डे लागते. घाईतल्या प्रवाशाच्या लेखी ते चहापुरते थांबण्याचे एक बाजारगाव. व्यापाऱ्याच्या लेखी ते काताचे गाव, कारण खैराच्या लाकडापासून कात काढण्याचा उद्योग या परिसरात वर्षानुवर्षे चालत आला आहे. शिक्षणक्षेत्रातील मंडळींना गोविंदराव निकम यांनी उभारलेल्या सह्याद्री शिक्षण संस्थेमुळे हे नाव ठाऊक असते. चित्रकारांना ते तेथील कला महाविद्यालयामुळे जवळचे वाटते. शाळांच्या सहली जवळच्या डेरवणची शिवसृष्टी पाहायला येतात आणि पाहून परत जातात. या सर्वांच्या नजरेतून सुटणारे आणखी एक सावर्डे आहे. कोकण रेल्वेच्या लहानशा स्थानकावर पहाटे उतरून, जांभ्या दगडाच्या गडग्यांमधून जाणाऱ्या पायवाटेने जो चालू लागतो, त्यालाच ते दिसते. दुर्बीण आणि कॅमेरा गळ्यात अडकवून येणाऱ्यांची संख्या अलीकडे वाढली आहे आणि त्यांच्यात सुटीच्या निमित्ताने मुलाबाळांसह येणारी कुटुंबेही आहेत. त्यांच्या उपयोगाच्या काही गोष्टी येथे सांगावयाच्या आहेत.

पहिली गोष्ट अशी की, ताडोबा किंवा पेंचला जी सफारी असते ती सावर्ड्याला नाही. येथे प्रवेशद्वार नाही, तिकीट नाही, उघडी जिप्सी नाही आणि वाघाची वार्ता देणारा मार्गदर्शकही नाही. पूर्वेला सह्याद्रीची भिंत उभी आहे. कुंभार्ली घाट चढून पलीकडे गेले की कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली घोषित झालेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प लागतो. तेथे वनखात्याचे नियम आहेत आणि परवानगीची रीत ठरलेली आहे. घाटाच्या अलीकडचे चित्र वेगळे. रत्नागिरी जिल्ह्यातील बहुतांश जंगल खाजगी मालकीचे आहे. कुणाची आंब्या-काजूची बाग, कुणाचे माळरान, कुणाच्या वडिलोपार्जित जमिनीत राहिलेली जुनी झाडे, आणि गावोगावच्या देवराया. म्हणून येथे रानात शिरण्याआधी भेट घ्यायची ती त्या जमिनीच्या मालकाची, आणि देवराई असेल तर गावकऱ्यांची. पादत्राणे कोठे काढायची, कोणत्या झाडाला हात लावायचा नाही, कोठवर जायचे, हे तेच सांगतात. ‘बागेत पक्षी पाहू का?’ एवढे अदबीने विचारणाऱ्याला कोकणी माणूस सहसा नाही म्हणत नाही. पुष्कळदा तोच पुढे होऊन उंबराचे फळलेले झाड दाखवतो. विचारल्यावाचून गडगा ओलांडणाऱ्याला मात्र तो बोल सुनावतो, आणि ते योग्यच आहे.

या फरकामुळे सामानाची निवडही बदलते. वाहनातून होणाऱ्या सफारीत दोन-तीन किलोची लांब लेन्स जीपच्या कठड्यावर टेकवून ठेवता येते. सावर्ड्यात सगळे ओझे स्वतःच्या खांद्यावर असते आणि वाट चढ-उताराची असते. १५० ते ६०० मिलिमीटरची झूम लेन्स दुकानात हातात घेतली की मोहात पाडते. तिचे वजन सुमारे दोन किलो भरते आणि दोन टेकड्या चढून गेल्यावर ते दुप्पट वाटू लागते. दमलेल्या हातांनी काढलेले छायाचित्र हलते. तेव्हा पायी हिंडणाऱ्याने १०० ते ४०० किंवा ७० ते ३०० मिलिमीटरच्या लेन्सवर समाधान मानण्यात शहाणपण आहे. त्यातही ज्याच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, म्हणजे ‘एपीएस-सी’ या मापाचा आहे, त्याला ३०० मिलिमीटरच्या लेन्समधून सुमारे ४५० मिलिमीटरइतके जवळचे दृश्य चौकटीत मिळते. लेन्स तीच राहते. सेन्सर लहान असल्याने चित्राच्या मधला भाग तेवढा टिपला जातो. अदलाबदलीच्या लेन्स नकोच असतील त्यांच्यासाठी प्रचंड झूम अंगचीच असलेला, साधारण किलोभर वजनाचा ब्रिज कॅमेरा उत्तम. त्याचे चित्र मोठ्या कॅमेऱ्याच्या तोडीचे नसते, अंधूक प्रकाशात ते दाणेदार होते. पण आजोबा-नातू एकाच कॅमेऱ्याने दिवसभर पक्षी पाहत असतील, तर त्या आनंदापुढे दाणे मोजत बसण्यात अर्थ नाही.

अंधूक प्रकाश हा येथील रानाचा स्वभावच आहे. दाट झाडीखाली सकाळी आठ वाजताही सांजवेळ वाटते. अशा ठिकाणी लेन्सच्या मुखाची रुंदी, म्हणजे तिच्यावर लिहिलेला ‘एफ’चा आकडा, नाभीय अंतरापेक्षा महत्त्वाचा ठरतो. आकडा जितका लहान तितका प्रकाश अधिक. पाच पूर्णांक सहा किंवा सहा पूर्णांक तीन आकड्याच्या लेन्सने देवराईतील उडता पक्षी टिपण्याचा हट्ट धरू नये, बसलेला पक्षी टिपावा. तोही कॅमेरा कशावर तरी टेकवून. ट्रायपॉड पायवाटेवर अडचणीचा होतो, एका पायाची काठी म्हणजे मोनोपॉड बरा, आणि बीनबॅग सर्वांत बरी. ती रिकामी आणावी आणि येथे आल्यावर भरावी. शहरातील मंडळी तीत तांदूळ भरतात, पण ते जड होतात, भिजले की फुगतात, आणि अन्नाचा असा वापर अनेकांच्या मनाला रुचत नाही. कोकणात भाताच्या गिरणीवर तूस सहज मिळते. तुसाची पिशवी हलकी असते, गडग्याच्या ओबडधोबड दगडावर छान बसते आणि परतताना रिकामी करता येते.

बॅटऱ्या, कार्डे, पट्टे यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. एक जादा बॅटरी, दोन लहान कार्डे, गळ्यापेक्षा खांद्यावरून आडवा जाणारा कापडी पट्टा, आणि कॅमेऱ्याची आहे हे बाहेरून कळणार नाही अशी साधी पिशवी. चामडे वर्ज्य असणाऱ्या घरांनी पट्टा आणि पिशवी घेताना खूणचिठ्ठी वाचून घ्यावी, कारण कापडी पट्ट्यांच्या टोकांनाही कित्येकदा चामड्याचे तुकडे शिवलेले असतात.

याच ओघात एक जुनी गोष्ट आठवण्यासारखी आहे. फिल्मच्या काळात छायाचित्रणाची कोणतीही फिल्म जिलेटिनवाचून बनत नसे, आणि ते जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून व कातड्यापासून काढले जाई. प्रकाशाला संवेदनशील असलेले चांदीचे क्षार त्या जिलेटिनच्या थरातच बसवलेले असत. म्हणजे हरणाचे अहिंसक चित्र टिपणाऱ्याच्या हातातील फिल्मही पूर्णतः निर्दोष नव्हती. बहुतेकांना त्याची कल्पनाही नव्हती. डिजिटल सेन्सरने हा प्रश्न न बोलता मिटवला.

आता ज्या गोष्टीने सावर्ड्यात सर्वाधिक कॅमेरे निकामी होतात तिच्याकडे वळू. ती गोष्ट म्हणजे ओल. चिपळूण-सावर्डे पट्ट्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. या दिवसांत भिंतींना घाम फुटतो, मिठाला पाणी सुटते, कपाटातील चपलांवर हिरवट लव येते. कॅमेऱ्याच्या लेन्सलाही हेच होते, फरक एवढाच की ते आत होते आणि दिसत नाही. हवेतील सापेक्ष आर्द्रता साठ-सत्तर टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली, की काचेवरील धुळीच्या व तेलकटपणाच्या सूक्ष्म थरावर बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखे तिचे तंतू काचेवर पसरतात. तिच्यातून स्रवणारी आम्ले काचेवरील लेप खातात आणि पुढे काचेलाही कोरतात. एकदा कोरलेली काच पुसून पूर्ववत होत नाही. दिवाळीला कपाटातून लेन्स काढून विजेरीच्या प्रकाशात पाहावे आणि आत पांढरी नक्षी दिसावी, हा अनुभव कोकणातील छायाचित्रकारांना नवा नाही.

यावरचा उपाय अनेक घरांत आधीपासून नांदतो आहे, फक्त तो कॅमेऱ्यापर्यंत पोहोचलेला नाही. चातुर्मास जवळ आला की जैन घरातील स्त्रिया पापड, शेवया, मसाले, सुकवलेल्या भाज्या यांची जी निगा घेतात ती आठवावी. ऊन दाखवणे, कोरड्या डब्यात भरणे, झाकण घट्ट लावणे, ओला हात न लावणे. बुरशी हाही जीवच, तेव्हा ती आल्यावर खरवडून टाकण्यापेक्षा ती येऊच नये अशी व्यवस्था करायची, ही त्यामागची जयणा. लेन्सच्या बाबतीत तंत्रज्ञही याहून वेगळे काही सांगत नाही. रबरी कडा असलेला, हवाबंद झाकणाचा एक मोठा पारदर्शक डबा घ्यावा. त्यात आर्द्रता दाखवणारे लहानसे यंत्र ठेवावे आणि सिलिका जेलची पुरचुंडी टाकावी. आकडा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान राहिला की लेन्स निर्धास्त. तीसच्या खाली तो जाऊ देऊ नये, कारण अति कोरड्या हवेत रबर आणि आतले वंगण खराब होऊ लागते. सिलिका जेल नारिंगी रंगाचे घ्यावे. ओल शोषून ते हिरवे पडले, की ओव्हनमध्ये तापवले असता पुन्हा नारिंगी होते आणि वर्षानुवर्षे चालते. निळ्याचे गुलाबी होणारे जेलही मिळते, पण त्या निळ्या रंगात कोबाल्टचा विषारी क्षार असतो. स्वयंपाकघराच्या आसपास आणि मुलांच्या हाताशी तो नसलेला बरा. तापवण्याचे भांडेही अन्नाचे असू नये. डांबराच्या गोळ्या मात्र लेन्सच्या डब्यात कधीही टाकू नयेत, त्यांची वाफ काचेवर बसते. आणि ज्या सुंदर गादीदार पिशवीतून कॅमेरा प्रवासाला नेला, त्याच पिशवीत तो पावसाळाभर ठेवणे ही सर्वांत मोठी चूक. पिशवीची गादी ओल धरून ठेवते.

वातानुकूलित खोलीत उतरणाऱ्या पाहुण्यांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. रात्रभर गार झालेला कॅमेरा पहाटे एकदम बाहेरच्या दमट हवेत काढला, की थंड पाण्याच्या तांब्यावर थेंब जमावेत तसे लेन्सवर आत-बाहेर दव जमते. त्या वेळी नेमका पक्षी समोर बसलेला असतो आणि भिंगातून धुके दिसते. लोक रुमालाने पुसत राहतात आणि धुके पुन्हा येत राहते. बाहेर पडण्याच्या तासभर आधी कॅमेरा बंद प्लास्टिकच्या पिशवीत घालून खोलीबाहेर ठेवावा. दव पिशवीच्या बाहेर जमते आणि आतील कॅमेरा हळूहळू हवेच्या तापमानाला येतो. त्याहून सोपा मार्ग म्हणजे रात्री पंख्यावर भागवणे.

प्रत्यक्ष पावसात हिंडायचे तर कॅमेऱ्याला इरले हवे. भातलावणीच्या वेळी वाकून काम करणाऱ्या बायका डोक्यापासून कमरेपर्यंत जे बांबूच्या कामट्यांचे आणि पानांचे छप्पर पाठीवर घेत, ते इरले आता प्लास्टिकने हटवले असले, तरी त्याची रचना आजही शिकण्यासारखी आहे. वरून पूर्ण झाकलेले, खालून मोकळे, हात चालवायला जागा असलेले. कॅमेऱ्याचे आवरणही असेच असावे. बाजारात तयार मिळते. नसेल तर जाड पारदर्शक पिशवीला एक भोक पाडून ते लेन्सच्या पुढच्या टोपीवर रबराने आवळले, की काम भागते. खालची बाजू मोकळी ठेवावी, कारण चारही बाजूंनी आवळलेल्या पिशवीत श्वासाची आणि हातांची वाफ कोंडते. सोबत एक जुना सुती पंचा असावा. पाऊस थांबल्यावर झूम मागे घेण्याआधी लेन्सची बाहेर आलेली नळी पंचाने टिपून घ्यावी. ओली नळी तशीच आत ढकलली की पाणी सोबत आत जाते, आणि पुढच्या चार महिन्यांची बुरशी त्याच क्षणी पेरली जाते. ‘पाणीरोधक’ असे खोक्यावर छापलेले पाहून निश्चिंत होणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, बहुतेक कॅमेऱ्यांच्या बाबतीत त्या शब्दाचा अर्थ तुषार सोसणे एवढाच असतो. कोकणचा पाऊस तुषारांत मोडत नाही. कॅमेरा भिजलाच, तर तो चालतो का हे पाहण्यासाठी कळ दाबू नये. प्रथम बॅटरी काढावी, कार्ड काढावे, वाळू द्यावा, आणि जाणकाराकडे न्यावा. तांदळाच्या डब्यात पुरून ठेवण्याच्या प्रचलित उपायाने पाणी फारसे जात नाही, उलट तांदळाची पिठी आत शिरते.

हिवाळा-उन्हाळ्यात ओलीची जागा धूळ घेते. जांभ्याची तांबडी माती सुकली की पिठासारखी उडते आणि महामार्गाच्या कडेची तर सर्वत्र बसते. तिच्यात काचेला ओरखडे पाडणारे कण असतात. म्हणून आधी रबरी फुग्याने हवा मारावी, मग मऊ कुंचला फिरवावा, आणि कापडाचा स्पर्श अगदी शेवटी व्हावा. तोंडाने फुंकर घालू नये. लेन्स बदलायचीच झाली तर वाऱ्याकडे पाठ करून, कॅमेऱ्याचे तोंड जमिनीकडे ठेवून बदलावी.

एवढी निगा घेऊन आणलेला कॅमेरा येथे कशासाठी वापरायचा? ऋतूप्रमाणे उत्तर बदलते. पावसाच्या तोंडावर काजवे चमकू लागतात. त्यांच्यासाठी तिपाई, लांबवलेला शटर आणि विजेरी बंद ठेवण्याचा संयम एवढेच लागते. पावसाळ्यात बेडूक, भूछत्रे, कीटक यांसाठी नव्वद किंवा शंभर मिलिमीटरची मॅक्रो लेन्स घेऊन एका ओढ्याकाठी पूर्ण सकाळ जाते. मात्र बसण्याआधी आपण कोणत्या जिवावर बसत आहोत हे पाहून घ्यावे. चिपळूणजवळ वाशिष्ठीच्या पात्रात मगरी आहेत आणि त्या होडीतून पाहता येतात. उत्तरेस मंडणगड तालुक्यात वेळासच्या किनाऱ्यावर समुद्री कासवांची पिल्ले सोडली जातात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने तेथील अंडी राखण्याचे काम सुरू केले, आणि अंडी गोळा करणारे गावच पुढे त्यांचे राखणदार झाले. तेथे फ्लॅश वापरायचा नाही, हा नियम पाळावा. खाऱ्या वाऱ्यातून परतल्यावर कॅमेरा किंचित ओलसर कापडाने आणि मग कोरड्या कापडाने पुसावा.

परंतु सावर्डे परिसराचा खरा मानकरी धनेश. मलबारी कवड्या धनेश आणि त्याहून मोठा महाधनेश, दोघेही चिपळूण-संगमेश्वर पट्ट्यातील जुन्या झाडांवर अवलंबून आहेत. काळी-पांढरी पिसे, पिवळी बाकदार चोच, तिच्यावर शिरस्त्राणासारखा उंचवटा, आणि उडताना पंखांचा असा आवाज की पक्षी दिसण्याआधी ऐकू येतो. कोकणात काही ठिकाणी त्याला गरुडच म्हणतात. वड, पिंपळ, उंबर फळला की तो येतो. काजऱ्याची फळेही तो खातो. खाल्लेल्या फळांच्या बिया दूरवर टाकत जातो आणि नकळत रान पेरत राहतो.

त्याच्या गृहस्थीची रीत विलक्षण आहे. हिवाळा सरता सरता मादी एखाद्या जुन्या बेहड्याच्या किंवा आंब्याच्या ढोलीत शिरते आणि विष्ठा, अन्नाचे अवशेष व माती यांनी ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढी उभी फट तेवढी राहते. आत ती अंडी घालते, उडण्याची पिसे गाळते आणि पुढचे कित्येक आठवडे पूर्णपणे नराच्या फेऱ्यांवर जगते. नर दिवसातून अनेक वेळा घशात फळे भरून आणतो आणि एकेक फळ चोचीच्या टोकावर आणून फटीतून देतो. आतील मादी आणि पिल्ले यांचा आणि जगाचा संबंध एवढाच. नर आला नाही, तर आतल्यांना दुसरा आधार नाही.

आणि छायाचित्रकाराला नेमके हेच छायाचित्र हवे असते. फटीपाशी नर, चोचीत लालबुंद फळ, आतून आलेली मादीची चोच. धनेशाची जोडी तीच ढोली वर्षानुवर्षे वापरते, त्यामुळे एकाला ठिकाण कळले की दुसऱ्याला कळते, दुसऱ्याकडून दहांना. सुटीच्या दिवशी झाडाखाली तिपायांची रांग लागते. नर फळे घेऊन येतो, जवळच्या फांदीवर बसतो, खालची माणसे पाहतो, मान वाकडी करतो, आणि ढोलीकडे न जाता उडून जातो. खाली उभे असलेले म्हणतात, थांबू, परत येईल. तो येतो आणि पुन्हा जातो. त्या दोन फेऱ्यांत आतल्यांचा आहार हुकलेला असतो, हे कॅमेऱ्याच्या पडद्यावर कोठेच दिसत नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात केवळ मारणे किंवा पकडणे येत नाही. वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणे हेही त्या व्याख्येनुसार शिकारीतच मोडते. बंदूक आणि लेन्स यांत कायद्याने येथे भेद केलेला नाही. धनेशाच्या झाडाखाली रांग लावणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असते? संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी बंदुकीऐवजी कॅमेरा हाती घेऊन वाघाच्या वाटेवर तार बांधली, आणि वाघाच्याच पावलाने झडणाऱ्या कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रांचा ग्रंथ १९२७ मध्ये प्रसिद्ध केला. तेव्हापासून कॅमेरा म्हणजे अहिंसेचे साधन अशी एक सोयीची समजूत रूढ झाली आहे. चॅम्पियन यांच्या काळात बंदुकीच्या तुलनेत ती खरीही होती. पण साधन अहिंसक असते की ते धरणारा, हा प्रश्न धनेशाच्या ढोलीपाशी उभे राहिले की टाळता येत नाही.

लांब लेन्सचा खरा उपयोग येथे आहे. ती पक्षी मोठा दिसावा म्हणून घ्यायची नाही, आपण दूर राहावे म्हणून घ्यायची. अंतर किती हे मीटरमध्ये सांगता येत नाही, ते नर सांगतो. तो फळे घेऊन आला आणि सरळ ढोलीवर बसला, तर अंतर पुरेसे आहे. तो फांदीवर थबकला, तर मागे व्हावे. दोनदा थबकला, तर सामान आवरून निघावे. घरट्यापाशी फ्लॅश नाही, पक्ष्याचा ध्वनिमुद्रित आवाज वाजवणे नाही, आड येणारी फांदी तोडणे तर नाहीच. आजचे कॅमेरे आणि मोबाइल छायाचित्रासोबत जागेचे अक्षांश-रेखांशही नोंदवतात. ती सोय घरून निघतानाच बंद करावी. छायाचित्र नातेवाइकांच्या गटात पाठवताना गावाचे नाव, झाडाचे नाव, वाटेवरच्या खुणा लिहू नयेत. फळलेल्या उंबरावर जेवायला आलेले धनेश टिपण्यात मात्र फारसा संकोच नको. तेथे ते अनेक असतात, मोकळे असतात, आणि त्रास झाला तर दुसऱ्या झाडावर जातात. खरे म्हणजे चित्रे तेथेच अधिक चांगली मिळतात. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या कुटुंबांची संध्याकाळी ओढाताण होते खरी, कारण धनेश रातथाऱ्याला परतण्याची वेळ तीच असते. त्यांनी सकाळचा उंबर धरावा.

आणि झाडांचाही विचार मनात येतोच. खैर तुटतो तो काताला, बाकीची झाडे तुटतात ती सरपणाला आणि घरखर्चाला. खाजगी जमिनीतील जुना बेहडा मालकाच्या लेखी अडीअडचणीची ठेव असतो. मुलीचे लग्न किंवा आजारपण निघाले की तो विकला जातो, आणि त्यात कुणाला दोष द्यावा असे काही नाही. मात्र ज्याच्या झाडावर धनेश आहे त्याच्या घरी पाहुणे उतरले, जेवले, त्याचे काजू-कोकम योग्य दराने घेऊन गेले, तर उभ्या झाडाचेही मोल होते. सह्याद्री कला महाविद्यालयाचे विद्यार्थी निसर्गचित्रासाठी एकेका जागी तासन्‌तास बसतात. जमिनीच्या मालकाशी त्यांचे बोलणे होते, ओळख होते. कॅमेरेवाल्याला एवढा वेळ नसतो. सेकंदाच्या हजाराव्या भागात त्याचे काम होते आणि तो गाडीत बसतो.

काढलेल्या चित्रांची काळजी हा वेगळा विषय, पण या भागात तो गौण नाही. २२ जुलै २०२१ च्या महापुराने चिपळूण शहर बुडाले, तेव्हा १८६४ पासूनच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातील ग्रंथसंपदेलाही पाण्याची झळ बसली. घराघरांतील लग्नाचे अल्बम आणि संगणक चिखलात गेले ते वेगळेच. चित्रांच्या दोन प्रती दोन वेगळ्या जागी असाव्यात, त्यांपैकी एक दुसऱ्या गावी. भावाकडे पुण्याला, मुलीकडे सांगलीला, कोठेही.

परतीच्या गाडीत कॅमेरा पिशवीत असतो तो चालतो. घरी पोहोचल्यावर मात्र अंघोळीच्या आधी पिशवी उघडावी. कार्डावरची चित्रे उतरवून घ्यावीत, लेन्स पंख्याखाली ठेवावी, पिशवी उलटी करून झटकावी आणि उन्हात टाकावी. तिच्यातून तांबडी माती पडते, तुसाची दोन-चार टरफले पडतात, आणि कधी एखादी मुंगी सावर्ड्याहून थेट दारी आलेली असते. तिला कागदावर घेऊन कुंडीत सोडावे आणि मग लेन्स डब्यात ठेवून झाकण लावावे.